दाजींची टेस्ला, घोडबंदरचे हॉर्न आणि एक पेनड्राईव्ह

आमच्या घरात कम्प्युटरशी जरासुद्धा संबंध असलेली कुठलीही गोष्ट बिघडली की फोन मलाच येतो. प्रिंटरला कागद अडकला, आईचं व्हॉट्सॲप उडालं, भाच्याचा शाळेचा पासवर्ड, सगळं माझ्याकडे. त्यामुळे एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला आणि ती म्हणाली "अरे दाजींच्या गाडीचं काहीतरी बघ, ते सकाळपासून पार्किंगमधेच उभे आहेत", तेव्हा मला आधी वाटलं मेकॅनिकचा नंबर पाहिजे असेल. तर नाही. पेनड्राईव्ह!

दाजींनी टेस्लाची मॉडेल वाय घेतली आहे, बॅटरीवर चालणारी. मुंबईत बीकेसीत 15 जुलै 2025 ला टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा ही गाडी 59.89 लाखापासून पुढे होती, तेव्हाच त्यांच्या डोक्यात ती बसली होती, मग ताईने वर्षभर न बोलायची धमकी देऊन झाली, सासूबाईंना मधे घालून झालं, शेवटी गाडी आलीच. मूळचा साताऱ्याकडचा माणूस, तीस वर्षं ठाण्यात धंदा केला, एक हौस केली, आपण काय बोलणार. राहतात कासारवडवलीला, घोडबंदर रोडच्या आत. मी कळव्याला. रविवारी रस्ता मोकळा असेल म्हणून स्कूटर काढली तर मेट्रोच्या कामापाशी नेहमीचं लागलेलंच होतं, पाऊण तासाने पोचलो.

खाली दाजी गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसलेले. मागच्या दारावर वीतभर ओरखडा, पांढऱ्या रंगावर काळी रेघ, आत पत्रा जरासा दबलेला. त्यांचं म्हणणं एकच, हे काम टँकरवाल्याचं. घोडबंदरच्या सोसायट्यांमधे पाण्याचा टँकर ही रोजची गोष्ट आहे, आणि ह्यांच्या पार्किंगच्या बाजूलाच टाकीचं तोंड, त्यामुळे टँकर रिव्हर्स घेऊन बरोबर गाडीच्या कुशीत येतो. सेक्रेटरीकडे सीसीटीव्ही मागितला तर "त्या कोपऱ्यातला कॅमेरा दुरुस्तीला आहे". कधीपासून विचारलं तर ते खिशात चष्मा शोधायला लागले.

"पण गाडीला स्वतःचे कॅमेरे आहेत ना," दाजी म्हणाले, "पुढे मागे बाजूला, सगळीकडून शूटिंग करते म्हणाला होता तो पोरगा. मग मला दाखव ना टँकर."

बरोबर आहे, गाडीत डॅशकॅम आहे, म्हणजे चालताना आजूबाजूचं शूटिंग करणारी सोय, आणि उभ्या गाडीवर लक्ष ठेवणारा सेंट्री मोड पण आहे. पण हे सगळं रेकॉर्डिंग जाऊन बसतं ते यूएसबी ड्राईव्हवर. मी स्क्रीनवर बघितलं तर डॅशकॅमच्या चिन्हावर लाल ठिपक्याच्या जागी फुली, म्हणजे रेकॉर्डिंग बंद. ग्लव्हबॉक्स उघडायचा तर त्याला कडी वगैरे काही नाही, तो पण स्क्रीनवरूनच उघडतो (आईला ह्या गोष्टीचा भयंकर राग आहे, तिचं म्हणणं उद्या दार पण टीव्हीवरून उघडाल). आत पोर्टला एक निळा पेनड्राईव्ह लावलेला. काढून लॅपटॉपला लावला तर त्यात दाजींची तीन वर्षांची जीएसटीची पीडीएफ, भाच्याच्या मुंजीचे फोटो आणि अभंगांचा एक फोल्डर. दाजींना वाटलं होतं पेनड्राईव्ह म्हणजे पेनड्राईव्ह, खुपसला की झालं.

तो ड्राईव्ह एनटीएफएसमधे फॉरमॅट केलेला होता, फॉरमॅट म्हणजे ड्राईव्हवर फाईली मांडायची पद्धत. गाडीला एनटीएफएस चालत नाही, हे मॅन्युअलमधे सरळ लिहिलंय. एक्सफॅट, फॅट32, एक्सटी3 किंवा एक्सटी4 पाहिजे. कमीत कमी 64 जीबी पाहिजे, हा 16 चा. आणि सलग लिहिण्याचा वेग सेकंदाला 4 एमबी तरी पाहिजे. म्हणजे गाडीने एक मिनिट पण रेकॉर्ड केलं नव्हतं, घेतल्यापासून. दाजींना सांगितलं तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही दार मीच घासलंय.

मी म्हटलं चला, तासाभराचं काम आहे. (तीन आठवडे लागले.)

पहिली चूक माझी. मी म्हटलं एकदाच मोठा घेऊन टाकू, परत बघायला नको, आणि स्टेशनच्या बाजूला एका दुकानात 512 जीबीचा पेनड्राईव्ह 499 ला दिसला तो उचलला. एवढ्या पैशात एवढा मिळत नाही हे मला कळायला पाहिजे होतं, इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय, पण स्वस्त दिसलं की आपली पण अक्कल गहाण पडते. नशीब एवढंच की गाडीत लावायच्या आधी तपासायची बुद्धी झाली. एच2टेस्टडब्ल्यू नावाचा एक छोटासा फुकट प्रोग्राम आहे, जर्मन आहे, उघडला की आधी जर्मनच दिसतं, वर इंग्रजी निवडायचं. तो काय करतो तर ड्राईव्ह पूर्ण भरेपर्यंत त्यावर डेटा लिहितो आणि मग एकेक अक्षर परत वाचून जुळवतो. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ3 म्हणून तसंच एक आहे. रात्री साडेनऊला लावून झोपलो, सकाळी उठलो तरी लिहितोच आहे, ऑफिसला गेलो, आलो, तेव्हा कुठे निकाल. लाल अक्षरात. 476 पैकी 29 जीबी खरी, बाकी सगळं हवेत.

हे नकली ड्राईव्ह कसं फसवतात ते बघण्यासारखं आहे. आतली चिप असते 32 ची, पण तिला चालवणाऱ्या कंट्रोलरला शिकवलेलं असतं की कोणी विचारलं तर 512 सांग. कम्प्युटर विचारतो, तो सांगतो, कम्प्युटर मान्य करतो. पहिले 29-30 जीबी व्यवस्थित जातात, त्यानंतर लिहिलेलं कुठेच जात नाही नाहीतर जुन्याच्याच डोक्यावर जाऊन बसतं, पण फाईलचं नाव दिसतं, साईज दिसते, तारीख दिसते. फक्त उघडली की आत काही नाही. म्हणजे गाडीच्या स्क्रीनवर लाल ठिपका मस्त चमकत राहिला असता आणि ज्या दिवशी गरज पडली असती त्या दिवशी काळा चौकोन. दुकानदाराकडे परत गेलो तर म्हणतो "पेनड्राईव्ह आहे ना, चालतोय ना, सगळा भरायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" ह्यावर काय बोलणार. बिल नव्हतं. 499 अक्कलखाती.

मग शांतपणे बसून हिशोब केला, जो आधी करायला पाहिजे होता. मॅन्युअलवाले सेकंदाला 4 एमबी म्हणतात, म्हणजे मिनिटाला 240, तासाला 14.4 जीबी. गाडी चालू असताना जे रेकॉर्डिंग होतं ते रिसेंटक्लिप्स नावाच्या फोल्डरमधे जातं आणि त्यात फक्त शेवटचा एक तास राहतो, नवीन आलं की जुनं पुसलं जातं. म्हणजे ह्या रोजच्या धबडग्याला पंधरा जीबी पुष्कळ झाले. उरलेली जागा लागते ती आपण मुद्दाम सेव्ह केलेल्याला आणि सेंट्रीने पकडलेल्याला. एक टीबी वगैरे घेऊन ठेवायची काही गरज नाही, माझं हे ठाम मत झालंय, 128 मधे भागतं, पाहिजे तर 256. जागेपेक्षा ड्राईव्ह टिकाऊ किती हे महत्त्वाचं, कारण हा प्रकार साध्या पेनड्राईव्हला मानवत नाही. आपण पेनड्राईव्हवर महिन्यातून एकदा चार फाईली टाकतो, इथे दिवसभर लिही पूस लिही पूस, आणि फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कण ठराविक वेळाच लिहून घेतो, मग थकतो. त्यात उन्हाळ्यात ठाण्यात काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली की आत काय भट्टी होते ते सांगायला नको.

एसएसडीचा, म्हणजे वेगवान हार्डडिस्कसारख्या ड्राईव्हचा विचार केला होता, वेग तर काय जबरदस्त, पण बाहेरून लावायच्या साध्या एसएसडीवर बऱ्याचदा 60 डिग्रीपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. त्यामुळे शेवटी सीसीटीव्हीला आणि डॅशकॅमला वापरतात ते हाय एन्ड्युरन्सवालं, म्हणजे सतत लिहिणं पुसणं सोसणारं मायक्रोएसडी कार्ड घेतलं, 128 चं, त्यावर 85 डिग्रीपर्यंत लिहिलंय, आणि त्याला बोटाच्या पेराएवढा यूएसबी रीडर. बिल घेऊन. लॅपटॉपला लावल्यावर 119 जीबी दिसलं, ते बरोबर आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, फसवणूक नाही. एच2टेस्टडब्ल्यू परत, ह्या वेळी पावणेदोन तासात हिरवं.

फॉरमॅट घरीच केलं, एक्सफॅट, आणि त्यात फोल्डर बनवला. फोल्डरचं नाव इंग्रजीत टेस्लाकॅम असं पाहिजे, सलग, मधे जागा न सोडता, टी आणि सी मोठे. मी आपल्या सवयीने मधे स्पेस दिली. कासारवडवलीला परत गेलो, लावला, फुली. काढला, घातला, फुली. गाडीची स्क्रीन रिस्टार्ट केली, स्टिअरिंगवरची दोन्ही चाकं दाबून धरून, फुली. दाजी मागे उभे राहून अधूनमधून "कार्डच चालत नसेल" म्हणत होते आणि ताई वरून गॅलरीतून विचारत होती चहा खाली आणू का. अर्ध्या तासाने मला ती स्पेस दिसली. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं "सॉफ्टवेअरचं होतं, झालं आता."

खरं तर एवढं पण करायची गरज नव्हती. गाडीतच कंट्रोल्समधे जाऊन सेफ्टीमधे फॉरमॅट यूएसबी ड्राईव्ह असं बटण आहे, ते दाबलं की गाडी स्वतः फॉरमॅट करते आणि फोल्डर पण बनवते. मी लॅपटॉपवाला माणूस, मला ते नंतर दिसलं. तुम्ही करणार असाल तर आधी तेच करा, फक्त कार्डवर मुंजीचे फोटो नाहीत ना बघून घ्या.

लाल ठिपका आला. दाजींनी खिशातून मोबाईल काढून त्या ठिपक्याचा फोटो काढला.

आता सेटिंग. सेव्ह कधी करायचं ह्याला पर्याय आहेत, आपण स्वतः चिन्हावर टॅप केल्यावर, एअरबॅग उघडण्यासारखं काही मोठं झालं तर आपोआप, किंवा हॉर्न वाजवल्यावर. हॉर्न वाजला की मागची दहा मिनिटं सेव्हडक्लिप्स नावाच्या फोल्डरमधे कायमची. मला ही कल्पना फार आवडली, म्हटलं कोणी आडवा आला की माणूस हॉर्न मारतोच, पुरावा तयार. दिलं चालू करून.

चौथ्या दिवशी दाजींचा फोन. परत फुली.

जाऊन बघतो तर कार्ड गच्च. सेव्हडक्लिप्समधे एकेचाळीस फोल्डर! एकेक उघडत गेलो तर कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, परत मानपाडा, गायमुख. दाजी घोडबंदरला हॉर्न वाजवत नाहीत, हॉर्नने गाडी चालवतात. प्रत्येक वेळी मागची दहा मिनिटं सेव्ह, आणि सेव्ह केलेलं गाडी आपणहून पुसत नाही, आपण पुसायचं असतं. मॅन्युअलचाच आकडा धरला तर एका हॉर्नला 2.4 जीबी, अशा पंचेचाळीसेक हॉर्नमधे 128 चा निकाल. ज्याने कोणी हा पर्याय काढला तो घोडबंदरला आलेला नाही. ताईला मी ती फोल्डरची यादी दाखवली, तिला त्या दिवसापासून दाजींवर एक कायमचं हत्यार मिळालंय. हॉर्नवालं बंद केलं, आपोआपवर ठेवलं, आणि दाजींना शिकवलं की काही झालं तर चिन्हावर एकदा बोट लावायचं, बस.

पण ह्या एकेचाळीसमुळे एक चांगलं झालं, आत काय असतं ते मला नीट बघता आलं. प्रत्येक फोल्डरचं नाव म्हणजे तारीख आणि वेळ. आत एकेका मिनिटाच्या फाईली, प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी, पुढचा, मागचा, आणि बाजूचे, दारांमधल्या खांबातले धरून सहा. दहा मिनिटं गुणिले सहा म्हणजे साठ व्हिडिओ, जोडलेले नाहीत, सुटे. कुठल्या मिनिटाला काय झालं ते कळायला सोबत एक इव्हेंट नावाची छोटी जेसनची फाईल असते, नोटपॅडमधे उघडते, त्यात नेमकी वेळ, शहर, अक्षांश रेखांश आणि कशामुळे सेव्ह झालं ते कारण. आवाज मात्र नसतो. दाजी काचेच्या आत जे काय बोलतात ते रेकॉर्ड होत नाही, हे ऐकून ते जरा सैल बसले.

त्याच दिवशी एक गाढवपणा पण केला. रेकॉर्डिंग चालू असताना कार्ड उपटलं. आधी डॅशकॅमच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, लाल ठिपका जातो, मग काढायचं, हे मला माहीत होतं तरी घाईत राहिलं. लॅपटॉप म्हणाला ड्राईव्हमधे गडबड आहे, दुरुस्त करू का, केलं, शेवटच्या मिनिटाच्या फाईली गेल्या. आणि ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, भाच्याने त्याच्या मॅकवर चाळीस फोल्डर डिलीट केले तरी जागा मोकळी होईना, कारण ते कार्डावरच्याच लपलेल्या ट्रॅशमधे पडून होते. ट्रॅश रिकामा केला तेव्हा सुटले.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं आता सेंट्री बघू एकदा, रात्री पार्किंगमधे चालतोय ना. तर सेंट्री चालू होता. पण त्याच्या खाली एक्सक्लूड होम, म्हणजे घर वगळा, हे पण चालू होतं. घराच्या पत्त्यावर गाडी उभी असेल तर लक्ष ठेवू नको. ज्यांचं घर म्हणजे गेट, गॅरेज, कुत्रा, त्यांना हे ठीक आहे, बॅटरी वाचते. आमचं घर म्हणजे एकशे चाळीस फ्लॅट, चार टँकर, आणि खांबाला खांब लावून क्रिकेट. म्हणजे त्या दिवशी ड्राईव्ह धड असता तरी दार घासणारा दिसलाच नसता! हे मी दाजींना हळूच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पायाने एक खडा ढकलला.

वगळणं काढलं. रात्रभरात चार टक्के बॅटरी खाते, आणि बॅटरी 20 टक्क्यांच्या खाली गेली की सेंट्री आपोआप बंद पडतो, त्यामुळे दाजी आता फोनसारखी गाडी पण रोज रात्री चार्जिंगला लावतात. ग्लव्हबॉक्सला चार आकडी पिन पण टाकला, नाहीतर चोर आधी कार्डच घेऊन जायचा. पिन भाच्याला सांगितला नाही, त्याला दोन दिवसात कळला.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा सेंट्रीने पकडलेलं जातं त्या सेंट्रीक्लिप्समधे अठरा फोल्डर होते. मी आणि दाजी पुढे, ताई मागच्या सीटवर भाजी निवडत, गाडीच्याच स्क्रीनवर एकेक लावून बघितले. सेल्फी काढणारी पोरं. पेपरवाला. एक मांजर, तीनदा. दुसऱ्या मजल्यावरचे काका चाकाला लाथ मारून बघतात, का ते त्यांनाच ठाऊक. आणि मग सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी टँकर.

"हां, थांबव," दाजी पुढे सरकले.

डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात टँकरची मागची बाजू मोठी मोठी होत आली. क्लीनर पोरगा आधीच उतरलेला, अंगात स्वेटर, पायात स्लिपर. तो येऊन आमच्या गाडीच्या आणि टँकरच्या मधे उभा राहिला, पाठ आमच्या दाराला टेकवून, आणि एका हाताने ये ये करत दुसऱ्या हाताने टँकरवर थाप मारत राहिला. आवाज नाही, नुसते हात. हातभर अंतर राहिलं तसा त्याने पंजा उघडून धरला आणि टँकर थांबला. पाईप लावला. पाईपमधून उडालेलं पाणी आमच्या काचेवर आलं तर त्याने खिशातून फडकं काढून ते पुसलं, आणि जाऊन पायरीवर बसला.

दाजींनी ते परत लावलं. मग अजून एकदा.

"मग तो ओरखडा कोणाचा?" ताईने मागून विचारलं.

दाजी म्हणाले, "हा राहू दे. सेव्ह करून ठेव."

"कशाला," ताई म्हणाली, "जागा अडते."

मी तो फोल्डर लॅपटॉपवर घेतला, कार्डावरचा पुसला.